ग्राहकांचे प्रश्न : मोबाइल कनेक्शन बंद झाले, डिपॉझिट मात्र कंपनीकडेच

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत पोस्टपेड मोबाइलच्या अनामत रकमेविषयीची पत्रे बरीच आहेत. रक्कम बहुधा पाचशे ते तीन हजार रुपयांच्या घरातली असते आणि ‘एवढ्याशा पैशांसाठी कोण भांडत बसणार’ या हिशेबावरच ती कंपनीकडे पडून राहते, असा आमचा समज या पत्रांनी पक्का केला. निवडक पत्रे संक्षेपाने देत आहोत. संबंधित कंपन्यांची बाजू आम्ही ऐकलेली नसल्यामुळे पत्रांतून त्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त परदेशी गेला तेव्हा माझ्या पोस्टपेड कनेक्शनवर आयएसडी सुविधा देण्यासाठी कंपनीने दीड हजार रुपये डिपॉझिट घेतले होते. आता बोलणे इंटरनेटवरूनच होत असल्यामुळे मी ते कनेक्शन बंद केले आणि शेवटचे बिलही भरले. या गोष्टीला चार महिने उलटून गेले. कॉल सेंटरला फोन केला की ‘रिफंड प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच ऐकायला मिळते. डिपॉझिटची पावती आता सापडत नाही. मी ट्रायला पत्र लिहिले, तर तक्रार कंपनीकडेच करा असे उत्तर आले. मग ट्राय आहे कशासाठी?
– निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, १९९७च्या कायद्याने स्थापन झाले. कंपन्यांसाठी नियम करणे आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणे हे त्याचे काम असून एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करण्याचा अधिकार त्याला दिलेला नाही. ही व्यवस्था ग्राहकाच्या दृष्टीने तोकडी आहे असे आमचे मत आहे, कारण नियम मोडल्याबद्दल ट्रायने कंपनीला दंड केला तरी त्यातला एक पैसाही नियम मोडल्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती पडत नाही. तरीही ट्रायचे नियम आपल्या कामाचे आहेत, कारण कंपनीने केलेला उशीर मोजण्याची फूटपट्टी त्यांतच मिळते.

सेवेच्या गुणवत्तेविषयीच्या २००९च्या नियमावलीत असे ठरले होते की, ग्राहकाने मागणी केल्यापासून सात दिवसांत कनेक्शन बंद व्हावे आणि बंद झाल्यापासून ६० दिवसांत सर्वच्या सर्व डिपॉझिटे परत केली जावीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीने ही ६० दिवसांची मुदत ४५ दिवसांवर आणली आहे. आपले कनेक्शन चार महिन्यांपूर्वी बंद झाले असल्यामुळे आपल्याला ४५ दिवसांची मुदत लागू होते आणि ती केव्हाच संपली आहे. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर पहिल्या दीड महिन्यापुरते ठीक होते, त्यानंतर ते उत्तर राहत नाही.

येथे एक खाचखळगा आहे. ४५ दिवस मोजायचे ते कनेक्शन बंद झाल्याच्या तारखेपासून, आणि नेमक्या याच तारखेविषयी बहुतेक भांडणे होतात. ग्राहक समजतो की आपण दुकानात जाऊन तोंडी सांगितले त्या दिवशी कनेक्शन बंद झाले. कंपनीच्या नोंदीत मात्र त्या दिवशी केवळ ‘चौकशी’ झालेली असते, त्यानंतर ‘थांबा, तुम्हाला सवलतीचा प्लॅन देतो’ असे सांगणारे दोन-तीन फोन झालेले असतात आणि प्रत्यक्ष बंदची नोंद पुढच्या बिलाच्या चक्रात पडलेली असते. म्हणून आपण प्रथम कंपनीला ईमेल पाठवून तीन गोष्टी लेखी मागाव्यात : कनेक्शन बंद झाल्याची नोंदीतली तारीख, शून्य थकबाकी दाखवणारे अंतिम बिल आणि जमा असलेल्या डिपॉझिटची रक्कम. त्याच पत्रात आपला बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड द्यावा व सोबत रद्द केलेला धनादेश जोडावा, म्हणजे ‘खात्याचा तपशील मिळाला नव्हता’ ही सबब उरणार नाही. ही सबब आमच्याकडच्या पत्रांत वारंवार आढळते.

पावती हरवली म्हणून काळजीचे कारण नाही. पोस्टपेड बिलावर पुष्कळदा जमा डिपॉझिटचा आकडा छापलेला असतो, म्हणून जुनी बिले चाळून पाहावीत. त्या वेळी धनादेशाने किंवा कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेच्या विवरणपत्रातही नोंद सापडेल. यांपैकी काहीच हाती लागले नाही तरी आपल्या खात्याचा उतारा कंपनीकडे मागण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि ग्राहकाकडून घेतलेल्या ठेवीची नोंद कंपनीने स्वतःच्या हिशेबात ठेवलेली असलीच पाहिजे.

यानंतर तक्रारीच्या पायऱ्या येतात. २०१२च्या तक्रार निवारण नियमावलीनुसार प्रत्येक कंपनीत दोन पायऱ्या असतात. पहिली पायरी तक्रार केंद्राची. १९८ क्रमांकावर किंवा कंपनीच्या ॲपवर तक्रार नोंदवली की डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मिळालाच पाहिजे. आपण आजवर केलेल्या फोनचे डॉकेट क्रमांक आपल्याकडे नसतील, तर कंपनीच्या लेखी त्या तक्रारी नव्हत्याच, नुसत्या विचारणा होत्या असे धरून चालावे आणि आजच नव्याने तक्रार नोंदवावी. कनेक्शन बंद झाल्यामुळे त्या सिमवरून १९८ लागणार नाही, तेव्हा घरातल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या मोबाइलवरून फोन करून जुना क्रमांक सांगावा किंवा ईमेलचा आधार घ्यावा. ठरलेल्या मुदतीत निवारण झाले नाही, किंवा झालेले निवारण समाधानकारक वाटले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. अपील प्राधिकाऱ्याला सल्ला देण्यासाठी दोन सदस्यांची समिती असते आणि त्यांतला एक सदस्य ट्रायकडे नोंदणी झालेल्या ग्राहक संघटनेचा असतो. पूर्वी या दोन पायऱ्यांच्या मध्ये नोडल अधिकारी असे. अनेक ज्येष्ठ वाचक अजूनही त्याचाच पत्ता विचारतात, पण २०१२ पासून ती पायरी राहिलेली नाही.

अपील प्राधिकारी कंपनीचाच माणूस असताना त्याच्याकडे जाऊन काय लाभ, असे आपण विचाराल. लाभ असा की, तेथे प्रकरण कॉल सेंटरच्या हातून निघून हिशेब विभागापर्यंत पोहोचते, आणि साध्या, वाद नसलेल्या डिपॉझिटचे पैसे याच टप्प्यावर मिळण्याचा संभव असतो. तेथेही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असे आपल्याला कोणी सांगितले तर ते जुन्या माहितीवर बोलत आहेत असे समजावे. १८८५च्या टेलिग्राफ कायद्यातील लवादाच्या तरतुदीकडे बोट दाखवून सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये टेलिफोन बिलांचे वाद ग्राहक मंचाच्या, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाच्या, कक्षेबाहेर ठेवले होते आणि त्या निकालाची ढाल कंपन्यांनी अनेक वर्षे पुढे केली. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच हा प्रश्न निकाली काढला. अहमदाबादच्या एका पोस्टपेड ग्राहकाला, ज्याचे सरासरी मासिक बिल ५५५ रुपये होते, एका महिन्याचे २४ हजार ६०९ रुपयांचे बिल आले होते. त्याची तक्रार ऐकण्याचा अधिकार ग्राहक मंचाला आहे आणि लवादाची तरतूद त्याच्या आड येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर आलेल्या २०२३च्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक संरक्षण कायद्याखालचे हक्क अबाधित ठेवले आहेत.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे साताऱ्यातच, तक्रार करता येते. कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जाण्याची गरज नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही अनिवार्य नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. पूर्वी त्यासाठी ई-दाखिल हे पोर्टल होते, आता ई-जागृती आहे. तक्रारीत मूळ रकमेबरोबर मुदत संपल्यानंतरच्या काळाचे व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च ही तिन्ही मागावीत. व्याजाचा दर ठरवणे आयोगाच्या हाती असते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत हे सारे व्हायला हवे. आपल्या बाबतीत ४५ दिवस उलटले तो दिवस धरून ही दोन वर्षे मोजावीत.

प्रामाणिक सल्ला द्यायचा तर दीड हजार रुपयांसाठी एकदम आयोगात जाऊ नये. अपील करावे आणि त्याचा निकाल विरुद्ध गेला किंवा ३९ दिवसांत लागलाच नाही, तर कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी. आपण शिक्षक आहात, तेव्हा मसुदा स्वतःच लिहावा. वकिलाच्या लेटरहेडवर आलेल्या नोटिशीइतकीच तीही कायदेशीर असते. त्याच सुमारास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ही हेल्पलाइन निवाडा करत नाही, कंपनीशी मध्यस्थी करते, पण छोट्या रकमांच्या बाबतीत तेवढ्याने काम होण्याची शक्यता बरीच असते.

प्रश्न : पुण्याहून ठाण्याला आल्यावर मी पोस्टपेड नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला. जुन्या कंपनीने ७२० रुपयांचे अंतिम बिल पाठवले. माझे एक हजार रुपये डिपॉझिट त्यांच्याकडे असल्यामुळे त्यातून ते वळते करून घेतील असे समजून मी बिल भरले नाही. आता बिल न भरल्यास नंबर बंद होईल असा संदेश आला आहे आणि वसुली करणारी माणसे फोन करून उद्धट बोलतात. पैसे मी त्यांना देणे आहे की ते मला?
– एक नोकरदार वाचक, ठाणे

उत्तर : हिशेबाने ते आपल्याला २८० रुपये देणे आहेत. तरीही बिल न भरण्याचा आपला निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने चुकला, आणि तो इतक्या जणांचा चुकतो की त्याविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

नंबर पोर्ट झाला की जुन्या कंपनीशी असलेला आपला करार संपतो, म्हणून डिपॉझिटच्या बाबतीत पोर्ट होणे आणि कनेक्शन बंद होणे यांत फरक करण्याचे कारण नाही. ‘तुम्ही कनेक्शन बंद केले नाही, पोर्ट केले, म्हणून डिपॉझिट मिळणार नाही’ असे काही वाचकांना सांगण्यात आले आहे. त्याला काहीही आधार नाही. मात्र कंपनीत बिलवसुली आणि डिपॉझिट परतावा ही दोन वेगवेगळी कामे असतात व ती बहुधा वेगवेगळ्या यंत्रणांतून चालतात. डिपॉझिट आपोआप वळते होईल हे गृहीत धरून ग्राहक स्वस्थ बसतो, आणि तिकडे बिलाची अंतिम तारीख उलटताच वसुलीचे चक्र सुरू होते.

पोर्टिंगच्या नियमांत या चक्राला दातही आहेत. १६ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या पद्धतीत, आधी निघालेल्या बिलाची मुदत उलटलेली थकबाकी असेल तर पोर्टिंगसाठीचा यूपीसी कोड मिळतच नाही. आपल्याला तो मिळाला, याचाच अर्थ त्या दिवशी आपल्याकडे थकबाकी नव्हती. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल, तो लेखी पत्रात जरूर लिहावा. परंतु पोर्ट झाल्यानंतर निघालेले शेवटचे बिल थकले तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवू शकते आणि नव्या कंपनीला आपली सेवा खंडित करावी लागू शकते. बँक, आधार, कार्यालय सारे ज्या नंबराला बांधलेले आहे तो नंबर ७२० रुपयांसाठी पणाला लावणे शहाणपणाचे नाही. शिवाय मोबाइल कंपन्यांची थकबाकी क्रेडिट अहवालातही दिसू शकते, आणि घरकर्जाच्या वेळी बँकेचा अधिकारी त्यामागची हकीकत ऐकून घेईलच असे नाही.

तेव्हा आता हरकत नोंदवून बिल भरावे. ‘डिपॉझिटमधून समायोजनाचा माझा हक्क अबाधित ठेवून ही रक्कम भरत आहे’ असे एक वाक्य ईमेलमध्ये लिहावे, भरल्याची पावती जोडावी आणि पूर्ण हजार रुपयांची मागणी करावी. समायोजनच हवे असेल तर तसे लेखी कळवून २८० रुपये मागता येतात, पण त्यात बिल दुरुस्त होऊन येईपर्यंत वसुलीचे फोन थांबत नाहीत. अंतिम बिलातल्या एखाद्या रकमेविषयीच वाद असेल, उदाहरणार्थ पोर्ट झाल्यानंतरच्या दिवसांचे भाडे लावले असेल, तर तेवढ्याच रकमेवर बोट ठेवून डॉकेट क्रमांक घ्यावा आणि उरलेली रक्कम भरून टाकावी.

बिलावर १८ टक्के जीएसटी असतो, डिपॉझिट घेताना मात्र तो लागत नाही, कारण परत करायची ठेव ही सेवेची किंमत नव्हे. ती बिलात वळती केली तरच तेवढ्यापुरती किंमत ठरते. आपल्या हजार रुपयांतून ‘कर’ म्हणून काही कापले असेल तर ते कशाच्या पोटी कापले याचा हिशेब मागावा.

वसुलीच्या माणसांशी फोनवर वाद घालू नये. ‘लेखी पाठवा’ एवढेच म्हणावे.

प्रश्न : माझ्या पतींचे निधन झाले. त्यांच्या पोस्टपेड नंबरावर एक हजार रुपये डिपॉझिट आहे. दुकानातला मुलगा म्हणतो की न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणल्याशिवाय काही होणार नाही. दरम्यान दर महिन्याचे बिल येतच आहे.
– एक भगिनी, नागपूर

उत्तर : नंबर बंद करण्याची घाई करू नका, हे सर्वांत आधी सांगतो. पतींच्या बँक खात्यांचे, विम्याचे, भविष्य निर्वाह निधीचे ओटीपी त्याच नंबरावर येत असतील आणि ती कामे अपुरी असतील, तर मृत्यू प्रमाणपत्र व नात्याचा पुरावा देऊन नंबर आपल्या नावावर करून घ्यावा आणि शक्य असल्यास प्रीपेडमध्ये बदलून घ्यावा. पोस्टपेडचा करार संपला की डिपॉझिटही परत मागता येते आणि नंबरही हातात राहतो.

आता प्रमाणपत्राविषयी. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील कलम २१४ असे सांगते की, मृत व्यक्तीचे येणे वसूल करण्याचा हुकूमनामा न्यायालयाने वारसा प्रमाणपत्र किंवा तत्सम कागद पाहिल्याशिवाय देऊ नये. हे बंधन न्यायालयावर आहे. देणे असलेल्या कंपनीने स्वतःहून वारसाला पैसे देऊ नयेत असे ते कलम म्हणत नाही. हजार रुपयांसाठी न्यायालयाची पायरी चढायला लावणे हा कायद्याचा नव्हे, त्या दुकानाच्या सोयीचा नियम आहे. आपण मृत्यू प्रमाणपत्र, आपले ओळखपत्र, विवाहाचा किंवा नात्याचा पुरावा, इतर वारसांचे ना-हरकत पत्र आणि पुढे कोणी हक्क सांगितल्यास रक्कम परत करण्याची हमी देणारे पत्र, एवढे कागद थेट कंपनीच्या तक्रार केंद्राला ईमेलने पाठवावेत. दुकान बहुधा फ्रँचायझीचे असते आणि तेथल्या मुलाला नकार देण्यापलीकडे अधिकार नसतो.

निधनाची माहिती कंपनीला ज्या दिवशी लेखी दिली त्या दिवसापासून पुढचे भाडे माफ करावे, अशी मागणी त्याच पत्रात करावी. कंपनीने ऐकले नाही तर मृत ग्राहकाच्या वारसालाही ग्राहक म्हणून तक्रार करता येते, अशी स्पष्ट तरतूद २०१९च्या कायद्यात आहे.

प्रश्न : १९९८ मध्ये मुंबईत मोबाइल घेतला तेव्हा तीन हजार रुपये डिपॉझिट भरले होते. त्याची पावती अजून जपून ठेवली आहे. ती कंपनी आता त्या नावाने राहिलेली नाही. हे पैसे कुणाकडे मागायचे?
– ज्येष्ठ नागरिक, गिरगाव

उत्तर : ज्या काळात येणाऱ्या फोनलाही मिनिटागणिक पैसे पडत, त्या काळातली ही पावती आहे. तेव्हा एकेका ग्राहकाचे बिल हजारांत जाई आणि त्यामुळे डिपॉझिटेही भारी असत. आपण कंपनीचे नाव कळवलेले नाही आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

कंपनीचे नुसते नाव बदलले असेल किंवा ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल, तर तिची देणी नव्या कंपनीकडे जातात. मुंबईत मॅक्स टचची ऑरेंज झाली, ऑरेंजची हच, २००७ मध्ये हचची व्होडाफोन, २०१८ मध्ये तिचे आयडियाशी विलीनीकरण झाले आणि २०२० मध्ये ‘व्ही’ हे नाव आले. आपले पोस्टपेड कनेक्शन या साखळीत अखंड चालू असेल तर डिपॉझिट आजही आपल्या खात्यावर जमा असायला हवे. कनेक्शन बंद करताना ते परत देय होत असल्यामुळे ‘पंचवीस वर्षे झाली’ हा मुदतीचा आक्षेपही टिकणारा नाही. ताज्या बिलावर आकडा दिसतो का ते पाहावे आणि दिसत नसल्यास पावतीची प्रत पाठवून तो दाखवायला लावावा.

बीपीएल मोबाइलची गोष्ट वेगळी आहे. पुढे लूप मोबाइल झालेल्या या कंपनीचा मुंबईचा परवाना २९ नोव्हेंबर २०१४ रोजी संपला, सेवा बंद झाली आणि ग्राहकांनी आपापले नंबर अन्य कंपन्यांत नेले. आपण त्यांतले असाल तर डिपॉझिट तेव्हाच देय झाले होते. ग्राहक आयोगाची दोन वर्षांची आणि दिवाणी दाव्याची तीन वर्षांची, दोन्ही मुदती उलटून गेल्या आहेत. पैसे मिळतील अशी आशा दाखवणे योग्य होणार नाही.

दिवाळखोरीत गेलेल्या कंपन्यांचा तिसरा प्रकार आहे. एअरसेल २०१८ मध्ये आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स त्यानंतर मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेली. सेवा बंद पडल्यावर प्रीपेड ग्राहकांची शिल्लक आणि पोस्टपेड ग्राहकांची डिपॉझिटे परत करावीत, असे ट्रायने या कंपन्यांना २०१८ मध्ये बजावलेही होते. परंतु २०१६च्या दिवाळखोरी संहितेनुसार प्रकरण दाखल होऊन कंपनीविरुद्धच्या दाव्यांना स्थगिती लागू झाली की ग्राहक आयोगातली तक्रारसुद्धा थांबते. ग्राहकाला ठरावीक मुदतीत निराकरण व्यावसायिकाकडे, म्हणजे अशा कंपनीचा कारभार आणि देणी पाहण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीकडे, दावा नोंदवावा लागतो आणि तेथे बँकांच्या हजारो कोटींच्या रांगेत त्याचे तीन हजार शेवटी उभे असतात. निराकरण योजना एकदा मंजूर झाली की तिच्यात न धरलेले जुने दावे संपतात, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये म्हटले आहे.

मग न मागितलेले पैसे जातात कुठे? ग्राहकाला परत करता न आलेल्या रकमा कंपनीने स्वतःकडे ठेवायच्या नसतात. २००७च्या नियमावलीखाली स्थापन झालेल्या दूरसंचार ग्राहक शिक्षण व संरक्षण निधीत त्या भरायच्या असतात. डिपॉझिटचाही त्यात समावेश आहे हे २०२०च्या दुरुस्तीने अधिक स्पष्ट केले. निधीतून ग्राहक जागृतीचे कार्यक्रम होतात. तुमच्या तीन हजारांवर तुमच्याऐवजी इतरांचे शिक्षण व्हावे, ही योजना आम्हाला तरी समाधानकारक वाटत नाही.

प्रश्न : आमच्या सूत व्यापाराच्या फर्मच्या नावे काही पोस्टपेड कनेक्शने होती. ती बंद करून बरेच दिवस झाले, डिपॉझिट मिळत नाही. आम्ही ग्राहक आयोगात जाऊ शकतो का?
– एक व्यापारी, इचलकरंजी

उत्तर : व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली सेवा असेल तर ती घेणारा कायद्यातल्या ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यातून सूट आहे, परंतु कामगार ठेवून चालणाऱ्या फर्मला ती मिळवणे कठीण जाते आणि कंपनीचे वकील पहिला आक्षेप हाच घेतील. कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याचा मार्ग आपल्यालाही खुला आहे, तो आधी वापरावा. तो निष्फळ ठरला तर दिवाणी न्यायालय आहेच. फर्मने डिपॉझिट भरल्याची नोंद आपल्या हिशेबवहीत ‘येणे’ म्हणून असेल तर तिचा उतारा लेखापरीक्षकाकडून साक्षांकित करून ठेवावा.

प्रश्न : मी मोबाइल कंपनीकडे डिपॉझिटची तक्रार केली. दोन दिवसांनी एकाने फोन करून ‘रिफंड मंजूर झाला आहे, लिंक पाठवतो, पिन टाका’ असे सांगितले. त्याला माझा जुना नंबर माहीत होता. विश्वास ठेवावा का?
– वाचक, मडगाव

उत्तर : मुळीच ठेवू नये. यूपीआयचा पिन पैसे देताना टाकायचा असतो, घेताना कधीही लागत नाही. आपण कंपनीच्या समाजमाध्यमावरील पानाखाली नंबरासह तक्रार लिहिली असेल तर अशा माणसांना तो तेथूनच मिळतो. खरा परतावा बँक खात्यात थेट किंवा धनादेशाने येतो. असा फोन संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’ या सोयीत नोंदवता येतो. पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : दुबईला येण्यापूर्वी डोंबिवलीत असताना पोस्टपेड बंद केले. कंपनीने डिपॉझिटचा धनादेश तेथल्या जुन्या पत्त्यावर पाठवला. शेजाऱ्यांनी तो ठेवून दिला आणि तो माझ्या हाती पडला तेव्हा बँकेने मुदत संपली म्हणून परत केला. कंपनी म्हणते, ‘आमच्याकडून रक्कम दिली गेली आहे, प्रकरण बंद.’
– वाचक, दुबई

उत्तर : १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत तीन महिन्यांची आहे, त्यामुळे बँकेने केले ते बरोबरच होते. पण धनादेश लिहून दिल्याने देणे फिटत नाही, तो वटल्यावर फिटते. धनादेश वटलेला नाही हे कंपनीच्या स्वतःच्या बँक ताळमेळात दिसत असणार, कारण ती रक्कम त्यांच्या खात्यातून कधी गेलीच नाही. तेव्हा ‘प्रकरण बंद’ या शब्दांना भुलू नका.

मूळ धनादेश कुणाच्याही हाती देऊ नका, त्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवा. बँकेने परत करताना दिलेला मेमो असल्यास तोही जोडा आणि ‘धनादेश क्रमांक अमुक रद्द करून रक्कम माझ्या खात्यात एनईएफटीने जमा करावी’ असा ईमेल तक्रार केंद्राला पाठवून डॉकेट क्रमांक घ्या. खात्याचा तपशील देताना सध्याच्या अनिवासी स्थितीनुसार आपले एनआरओ खाते (अनिवासी भारतीयांचे रुपयांतले खाते) द्यावे. भारतातले जुने बचत खाते तसेच चालू ठेवले असेल तर बँकेत ते बदलून घेण्याचे काम याच निमित्ताने उरकावे. नकार आलाच तर तो लेखी मागून घ्यावा. ग्राहक आयोगापुढे ऑनलाइन तक्रार दाखल करता येते आणि दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणीची विनंतीही करता येते, त्यामुळे त्यासाठी भारतात येण्याचा बेत आखण्याचे कारण नाही. डोंबिवलीतल्या नातलगाला अधिकारपत्र दिलेत तर कागदपत्रे पोहोचवण्याचे काम तेही करू शकतील.